नाखव्याची यादी

होडीत पाय ठेवला की ज्याला उलटी व्हायची, अशा माणसाला आम्ही नाखवा म्हणायचो. नाव हरेश्वर. घर रेवदंड्याच्या कोळीवाड्यात. बापाची स्वतःची होडी, म्हणजे खरा नाखवा बाप. हा थोरला मुलगा. दर हंगामात त्याला समुद्रावर नेऊन बघितलं आणि दर वेळी किनाऱ्याला लागेपर्यंत तो पांढराफटक पडलेला असायचा. शेवटी बापाने होडी धाकट्याकडे दिली आणि याला अलिबागला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. तो स्वतःच हे सांगायचा. "बारक्याला दर्या, मला खुर्ची. खुर्चीत पण गरगरतं कधी कधी, पण ओकारी येत न्हाय."

अलिबागला एका स्टेशनरीच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आम्ही वेबसाइट करून देतो. पतपेढ्या, कॉलेजं, घरगुती राहण्याजेवण्याची सोय करणारे लोक, एखादं साप्ताहिक, असं आमचं गिऱ्हाईक. मी मूळची डीटीपीवाली. लग्नपत्रिकांपासून ग्रामपंचायतीच्या अहवालांपर्यंत मी सगळं टाइप केलेलं आहे. नाखवा माझ्याकडे नऊ वर्षं होता.

अंगाने बापासारखाच, खांदे दाराएवढे. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. डब्यात बारा महिने सुकट नाहीतर बोंबलाची चटणी. खालच्या दुकानदाराने एकदा तक्रार केली, "मॅडम, माझ्या वह्यांना वास लागतो." दुसऱ्या दिवशी नाखवा दोन डबे घेऊन आला आणि एक त्याच्या गल्ल्यावर ठेवला. तक्रार बंद झाली. डबे मात्र पुढे कायम दोनच येत राहिले.

कामगार म्हणून तो सोपा नव्हता, हेही सांगून टाकते. गिऱ्हाइकाच्या कामात संथ. एका प्राचार्यांनी सांगितलं, पहिल्या पानावरचा माझा फोटो मोठा करा. याने विचारलं, "का?" प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. मी फोटो मोठा केला. त्याचं खरं लक्ष असायचं ते डोलवर.

डोल काय ते सांगायला हवं. आम्ही ज्यावर साइट उभ्या करतो ते सॉफ्टवेअर कुणा एका कंपनीचं नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं आहे. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, पुढे द्यावं. बातमी, लेख, अख्खा अंक, काय हवं ते त्यावर प्रसिद्ध करता येतं. त्याला लागणारे जोड कुणीही लिहू शकतं. त्यांना आमच्यात प्लगइन म्हणतात. नाखव्याने असा एक प्लगइन लिहिला होता. पूर्वी आम्ही डीटीपीवाल्यांनी जे मराठी टाइप केलं ते जुन्या फॉन्टांत. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असायची. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नुसता कचरा. छोट्या साप्ताहिकांचे आणि मंडळांचे वर्षानुवर्षांचे अंक असे पडून होते. नाखव्याच्या प्लगइनमध्ये तो कचरा घातला की वाचता येणारं मराठी होऊन थेट साइटवर जायचं. भरतीच्या वाटेत पिशवीसारखं जाळं रोवून ठेवतात त्याला आमच्याकडे डोल म्हणतात. तेच नाव त्याने दिलं. फुकट दिला. राज्यभर लोकांनी लावला.

डोल लावला की एक पान उघडायचं. वर लिहिलेलं असायचं, 'ज्यांनी हात लावला'. खाली यादी. नाव, गाव आणि त्या माणसाने कोणती चूक दाखवली ते एका ओळीत. नाखव्याचं नाव त्यात कुठेतरी मध्येच होतं. पहिलं नाव माझं होतं, कारण पहिली चूक मी काढली होती.

मी म्हटलं, "एवढं कशाला? सगळ्यांचे आभार, असं एका ओळीत लिहा."

"आभार मानून वाटा बुडवतात, ताई. आमच्या वाड्यात लई बघितलंय."

त्यांच्या होडीवर मासळीचे वाटे पडायचे तेव्हा एक वाटा त्याच्या अधू चुलतआजोबांचा निघायचा. ते किनाऱ्यावर बसून फक्त दोर धरत. कुणी कधी विचारलं नाही की दोर धरण्यात काय मोठं. हात लावला, वाटा निघाला. डोलला ज्याने चूक दाखवली त्याने हात लावला, एवढा त्याचा साधा हिशोब. "चूक कुणी केली ते राहू दे," असं तो म्हणायचा, "कुणी काढली त्याचं नाव घ्या."

या यादीपायी तो काय काय सहन करायचा. पुण्याच्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. तुमचं हे भिकार सॉफ्टवेअर, तुम्हाला लाज वाटत नाही का, लोकांचा वेळ फुकट घालवता, अशी दीड पान शिवीगाळ आणि मध्ये कुठेतरी एक खरी चूक. मला राग आला. नाखव्याने ती चूक शोधली, दुरुस्त केली आणि उत्तर लिहिलं. तो बोलायचा कोळीवाड्यासारखा पण लिहायचा सरकारी पत्रासारखं. 'आपण दाखवलेली चूक बरोबर आहे. दुरुस्ती केली आहे. यादीत घेण्यासाठी आपले पूर्ण नाव व गाव कळवावे.' गृहस्थांनी कळवलं. सोबत आडनाव नीट लिहा अशी तंबी दिली. नाखव्याने नीट लिहिलं.

एकदा पुण्यालाच या सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन होतं. देशभरातून लोक येतात, एकमेकांना स्टिकर वाटतात. त्यांनी नाखव्याला दहा मिनिटं बोलायला बोलावलं. मीही गेले होते. ओळख करून देणाऱ्या मुलीने 'ग्रामीण भागातून आलेले' असं तीन वेळा म्हटलं. नाखवा माइकसमोर उभा राहिला, खिशातून कागद काढला आणि यादी वाचायला लागला. नाव, गाव, चूक. नाव, गाव, चूक. लोकांना आधी वाटलं ही प्रस्तावना आहे. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगा चहाला उठल्या. दहावं मिनिट झालं तेव्हा त्याची यादी अर्ध्यावर होती. त्याने विचारलं, "उरलेली कधी वाचू?" मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला. परतीच्या एसटीत मी त्याला चांगलंच झापलं. एवढी मोठी माणसं होती तिथे, ओळखी झाल्या असत्या, कामं मिळाली असती.

"ज्यांची नावं वाचली ते कुणी आले व्हते का तिथं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग त्यांच्या वतीने आपण गेलो ना."

आता गायकवाडांचं सांगते. माणगावजवळच्या एका बौद्धवाडीतले. सरकारी कचेरीत टंकलेखक होते, निवृत्त झाल्यावर वाडीच्या वाचनालयात बसून आपल्या मंडळाच्या जुन्या वार्षिक अंकांची साइट करत होते. ते अंक त्यांनीच जुन्या फॉन्टात टाइप केलेले. डोलमधल्या सगळ्यात जास्त चुका त्यांनी काढल्या. प्रत्येक चूक वेगळ्या पत्रात, वर जावक क्रमांक घालून. एक दिवस ते एसटीने अलिबागला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रेक्झिनची पिशवी.

"हरेश्वर साहेब आपणच का?"

"साहेब न्हाय. नाखवा म्हणतात. बसा, भाऊ."

नाखव्याने त्यांना यादी दाखवली. त्यांच्या नावाच्या ओळी संपता संपत नव्हत्या. गायकवाडांनी खुर्ची पुढे ओढून सगळ्या ओळी वाचल्या. कुठली गाळली तर नाही ना हे बघत असावेत.

"सबंध नोकरीत एवढे कागद हाताखालून गेले," ते म्हणाले. "खाली सही साहेबाची. टाइप करणाऱ्याची कोपऱ्यात दोन अक्षरं, ती पण चूक झाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून." मग म्हणाले, "एक विनंती होती. गाव माणगाव लिहिलंय. वाडीचं नाव घालता येईल का? बौद्धवाडी. पूर्ण."

नाखव्याने तिथेच बदललं. जितक्या ओळी तितक्या ठिकाणी. मग मी ते पान छापून दिलं. गायकवाडांनी ते घडी न घालता दोन वह्यांच्या मध्ये ठेवलं. ते गेल्यावर मी घड्याळ बघितलं; कॉलेजचं काम एक तास मागे पडलं होतं. मी नाखव्याला तसं म्हटलंही.

पुढच्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या प्रकाशन कंपनीचं काम आम्हाला आलं. त्यांच्या मासिकांचे जुने अंक डोलमधून काढायचे आणि प्लगइनची एक प्रत त्यांच्या यंत्रणेत बसवून द्यायची. आमच्या ऑफिसच्या मानाने हे काम फार मोठं होतं. देण्याचा दिवस नारळी पौर्णिमेला लागून आला. नाखवा दोन दिवस घरी. भावाची होडी त्या दिवसांत निघते, पूजा असते, तो फोन बंद करून ठेवायचा.

त्यांच्याकडे तपासणी करणारी एक बाई होती. नीट बोलायची, कामाला चोख. तिचा फोन आला.

"मॅडम, प्लगइनमध्ये एक यादी आहे. लोकांची नावं आणि गावं. या प्रत्येकाचं संमतीपत्र आहे का तुमच्याकडे?"

"नाही. त्यांनी स्वतःच नावं पाठवली आहेत."

"आमच्या नियमात बसत नाही. फाइल काढून पाठवाल का? आज संध्याकाळपर्यंत पाहिजे."

मी नाखव्याला दोनदा फोन लावला. बंद. फाइल काढून बघितली. डोल तिच्याशिवायही नीट चालत होता. मग प्रत पाठवली आणि सोबत एक ओळ लिहिली, 'सूचनेप्रमाणे नावांची फाइल काढली आहे.' संमतीपत्रं गोळा करू आणि परत घालू, असं मनात होतं. नाखवा कामावर आला तेव्हा त्याने पेढे आणले होते आणि कॉलेजचे प्राचार्य समोर बसलेले होते. नंतर सांगू म्हटलं. नंतर राहिलं. राहिलं हा शब्द मी इथे लिहिते, पण रोज तीन हातांवर तो माणूस बसलेला होता.

पाचसहा महिन्यांनी त्या कंपनीने स्वतःचा प्लगइन सगळ्यांसाठी फुकट जाहीर केला. नवं नाव, देखणं रूप, मदतीला फोन. लोक भराभर तिकडे गेले. त्यात गैर काही नव्हतं. घ्या, बदला, पुढे द्या, हेच तर या सॉफ्टवेअरचं तत्त्व. अट एकच असते, ज्यांनी केलं त्यांची नावं काढायची नाहीत.

गायकवाडांच्या साइटवरही त्यांच्या पुतण्याने नवीन प्लगइन लावला. त्यांना वाटलं, ही डोलचीच पुढची आवृत्ती. त्यांचा फोन आला तेव्हा नाखव्याने तो जेवता जेवता स्पीकरवर घेतला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"नाखवा, ते यादीचं पान दिसत नाही."

"कुठलं, भाऊ?"

"ज्यात आमची नावं होती. मला एवढंच विचारायचंय, माझं एकट्याचं काढलंत की सगळ्यांचं?"

नाखव्याचा हात डब्यातच राहिला. "बघतो, भाऊ," तो म्हणाला. "बघून सांगतो."

"बघा. सगळ्यांचं असलं तर माझं काही म्हणणं नाही." फोन बंद झाला.

नाखव्याने तो नवा प्लगइन उघडून बघितला. नाव बदललेलं, रंग बदललेला, पण आतमध्ये ओळीच्या ओळी त्याच्याच. त्याने मराठीत लिहून ठेवलेल्या टिपण्यासुद्धा काढण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते. त्याने कंपनीला पत्र लिहिलं. पैसे नकोत, हक्क नको, यादी परत घालावी. तो ते पत्र लिहीत असताना मी त्याच्याकडे बघत होते आणि तेव्हाही बोलले नाही.

उत्तर त्यांच्या कायद्याच्या विभागाकडून आलं. आम्हाला मिळालेल्या प्रतीत कोणतीही नावं नव्हती. पुरावा म्हणून माझी ती एक ओळ जोडलेली.

नाखव्याने पडदा माझ्याकडे वळवला.

"ताई, हे तुमचं का?"

"हो."

"कधीचं?"

"पौर्णिमेच्या वेळचं. तुमचा फोन बंद होता."

"व्हय. बंद व्हता."

"परत घालणार होते मी."

"व्हय," तो म्हणाला आणि पडदा पुन्हा स्वतःकडे वळवून घेतला. सहा वाजेपर्यंत काम केलं. जाताना पंखा बंद केला, रोज करायचा तसा.

गोष्ट बाहेर फुटली तशी या सॉफ्टवेअरच्या जगातल्या माणसांची पत्रं आली. दूरदूरची माणसं चवताळली होती. सगळ्यांचं म्हणणं एक, डोल एक दिवस बंद कर. एक बटण दाबलंस की राज्यात अजून डोलवर असलेल्या साइट कोऱ्या होतील, बोंब उठेल, मग कंपनी धावत येईल. त्याला ते करता आलं असतं. तो म्हणाला, "त्यात मजकूर लोकांचा हाय. कंपनीचा न्हाय." त्याने बटण दाबलं नाही. ती माणसं मग त्याच्यावरच चिडली आणि आठवड्याभरात दुसऱ्या कुठल्यातरी भांडणाकडे वळली.

कंपनीने मात्र नाखव्याला फोन केला, त्याने तो स्पीकरवर घेतला. तीच तपासणीवाली बाई. या वेळी आवाज मऊ होता. सगळी यादी घालणं शक्य नाही, संमतीचा प्रश्न तसाच आहे. पण मूळ निर्माते म्हणून तुमचं एकट्याचं नाव आम्ही पहिल्या पानावर देऊ, ठळक. आणि तुम्ही आमच्याकडे सल्लागार म्हणून या.

मी समोरून खुणा करत होते, घ्या, घ्या. फोन ठेवल्यावर तोंडानेही म्हटलं, "घ्या हो. काहीतरी मिळतंय तर."

"दोर धरणाऱ्यांना सोडून मी सगळी मासळी घरी नेऊ?"

"तुमचं नाव तर राहील."

"ताई, तुम्ही आता गप बसा."

नऊ वर्षांत तो माझ्याशी असा एकदाच बोलला. त्याने कंपनीला नकार कळवला, सरकारी पत्रासारखा, दोन ओळींचा. मग डोलच्या पानावर लिहिलं, यापुढे मी काम पाहणार नाही, ज्याला चालवायचा त्याने न्यावा, नावं काढू नयेत. कुणी नेला नाही. मूळ सॉफ्टवेअर पुढे बदलत गेलं, डोल जुना होत गेला. त्यात बाहेरच्यांना साइटमध्ये शिरता येईल असं एक धोकादायक भोक निघालं, दुरुस्त करायला माणूस नव्हता, तेव्हा जिथून लोक तो उतरवून घ्यायचे तिथूनच तो काढून टाकण्यात आला. त्याच्याबरोबर उरलीसुरली यादीही गेली. कंपनीचा प्लगइन छान चालतो. माझ्या गिऱ्हाइकांच्या साइटवर मी तोच लावते. दुसरा नाही.

नाखव्याने हातातली कामं पुरी केली, प्राचार्यांचीसुद्धा, आणि महिनाअखेरीला गेला. जाताना भांडण नाही, निरोप नाही. किल्ली टेबलावर ठेवली. खालच्या दुकानदाराने मला आठवडाभर विचारलं, नाखवा आजारी आहे का?

त्यानंतर मी त्याला एकदाच भेटले. रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीत तो आता लोकांचे अर्ज भरून देतो. होडीचे परवाने, डिझेलचे कागद, विमा. सगळं हल्ली कॉम्प्युटरवरून करावं लागतं आणि ते करणारा माणूस वाड्यात दुसरा नाही. मी सोबत एक कागद नेला होता. फाइल मी काढली, कंपनीच्या सांगण्यावरून काढली, हरेश्वर यांना न विचारता काढली आणि नंतर सांगितलंही नाही, असं स्पष्ट लिहून खाली सही केली होती. हेच कंपनीला पाठवलं तेव्हा तिकडून एक तक्रार क्रमांक आला होता, बाकी काही नाही.

रांग दारापर्यंत होती. मला बघून तो अर्धा उठला. "ताई, तुम्ही? बसा. जरा येळ लागंल."

मी बसले नाही. कागद दिला. त्याने तो वाचला, परत वरपासून वाचला.

"बरोबर लिवलंय."

"कुठेही लावा. सगळ्यांना दाखवा. माझी हरकत नाही."

"मला कशाला? मला म्हाईत हाय." त्याने कागद माझ्याकडे परत केला. "गायकवाडांना नेऊन द्या. ते अजून समजतात, मी काढली."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुमचं नाव सांगू?"

मागून एक बाई ओरडली, "ओ नाखवा, गप्पा मारा तुम्ही, माझी गाडी जाईल तिकडं."

"आण गं, आण इकडं," तो म्हणाला. तिच्या हातातले कागद घेतले, चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे वळला. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. रागाने नव्हे, काम होतं.

याला आठ महिने झाले. कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. माणगावच्या बाजारातल्या एका पतपेढीची साइट आम्ही सांभाळतो, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी माझं तिकडे जाणं होतं. गायकवाडांच्या वाडीचा फाटा हायवेवरून दिसतो. परवाही गेले होते. पतपेढीचं काम लवकर आटोपलं, तेव्हा सरळ गाडी धरून जेवणाच्या वेळेला अलिबागला परत आले.